पहिली चूक कुणाच्या गोठ्यात?

वासराचा पुढचा पाय कोणता आणि मागचा कोणता, हे सांगायला पशुवैद्य लागत नाही. गोठ्यात खेळणारे चार वर्षांचे पोरही सांगेल. पण तेच वासरू अजून गायीच्या पोटात आहे, बाहेर फक्त एक खूर डोकावतो आहे, रात्रीची वेळ आहे आणि डॉक्टरचा हात कोपराच्या वर आत गेला आहे, तेव्हा हा प्रश्न सोपा राहत नाही. बोटांना लागतो तो ओला, निसरडा पाय. खुराच्या वरचा पहिला सांधा आणि त्याच्यावरचा दुसरा सांधा एकाच दिशेने वाकत असतील तर पाय पुढचा. दोन्ही उलटसुलट दिशांना वाकत असतील तर मागचा. पुढचा असेल तर डोके कुठे वळले आहे ते शोधायचे, मागचा असेल तर शेपटी. नियम दोन ओळींचा आहे. प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकात तो असतो आणि परीक्षेत विचारला तर बहुतेक विद्यार्थी तो बिनचूक लिहितात. मात्र नियम लिहिता येणे वेगळे. गाय कळ देते आहे, वासरू आणि कमरेचे हाड यांच्यामध्ये मनगट चेपले जाते आहे, बोटे बधिर होत चालली आहेत, अशा वेळी त्याच बोटांनी तो सांधा ओळखणे वेगळे. या दोहोंमधले अंतर कसे कापायचे आणि कापताना होणारे नुकसान कुणी सोसायचे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

हे अंतर चुका केल्याशिवाय कुणीच कापलेले नाही. हाताची विद्या अशीच येते. सुतार, शिंपी, तबलजी सगळ्यांनी आधी बिघडवले आणि मग घडवले. फरक इतकाच की शिंप्याच्या हातून बिघडतो तो कापडाचा तुकडा. पशुवैद्याच्या हातून बिघडते ती कुणाची तरी दुभती गाय. म्हणून माझे म्हणणे असे: चूक टळणार नाही हे मान्य करून, पहिली चूक प्रतिकृतीवर आणि दुसरी शिक्षकाच्या डोळ्यांदेखत व्हावी, अशी सोय शिक्षणातच असली पाहिजे. शेतकऱ्याच्या गोठ्यात विद्यार्थ्याचा हात पोचेल तो त्यानंतर. आज आपल्याकडे हा क्रम पुष्कळदा उलटा आहे.

हा विषय महानगरातल्या सभागृहात न मांडता मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्याच्या बिरसा तहसिलीच्या संदर्भात मांडण्याला कारण आहे. बालाघाटहून घाट चढून बैहरच्या पठारावर आले की मलाजखंडची तांब्याची खाण, कान्हाचे जंगल आणि मध्ये विखुरलेली बैगा-गोंडांची गावे असा हा मुलूख. खाली वैनगंगेच्या खोऱ्यात मराठी आणि पोवारी कानावर पडते, वर गोंडी आणि हिंदी. पण गोठा सगळीकडे सारखाच, दोन बैल, एखादी गाय, चार शेळ्या. गवळाऊ ही वर्ध्याची म्हणून ओळखली जाणारी गोवंशाची जात जुन्या नोंदींत शिवनी, छिंदवाडा आणि बालाघाटचीही आहे: अंगाने हलकी, चालीला चपळ. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे १९ कोटी गाय-बैल, ११ कोटी म्हशी आणि जवळजवळ १५ कोटी शेळ्या मोजल्या गेल्या. त्यांतला मोठा वाटा अशाच लहान गोठ्यांत आहे, जिथे जनावर हीच बँक आणि तोच विमा. या गोठ्यापर्यंत पोचण्यासाठी केंद्राच्या योजनेतून फिरते पशुचिकित्सालय आले. एक लाख जनावरांमागे एक गाडी हा त्याचा मापदंड, आणि मध्य प्रदेशात २०२३ पासून १९६२ हा क्रमांक फिरवला की ती गाडी येते. गाडीत एक डॉक्टर, एक सहायक आणि एक चालक. योजना चांगलीच आहे. पण या गाडीत चौथे कुणी नसते, हे लक्षात घ्या. गाय अडली आणि हात आत गेल्यावर डॉक्टरला काही उमगेना, तर वळून विचारायला तिथे ना प्राध्यापक, ना वरिष्ठ. शहरातल्या रुग्णालयात नवखा डॉक्टर मोठ्यांच्या सावलीत काही वर्षे काढू शकतो. बिरशासारख्या ठिकाणी त्याची नेमणूक होते तो दिवसच त्याचा परीक्षेचा दिवस असतो.

पशुवैद्यकीय शिक्षण रुग्णालयाला बांधून घेण्याची कल्पना आपल्याकडे पहिल्यापासून आहे. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय १८८३ मध्ये उभे राहिले आणि त्याच्या आधाराने १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जॉन हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. त्या काळच्या मुंबईला ओढणारे घोडे आणि बैल आजारी पडून दारात येत, विद्यार्थी त्यांच्यावर शिकत. जबलपूरचे महाविद्यालय १९४८चे. तेव्हा नागपूर आणि बालाघाट एकाच प्रांतात होते. १९५६ मध्ये विदर्भ वेगळ्या राज्यात गेला आणि १९५८ मध्ये नागपूरला स्वतःचे महाविद्यालय मिळाले. आज बालाघाटची मुले साधारणपणे जबलपूरच्या नानाजी देशमुख विद्यापीठाकडे पाहतात, गोंदिया-भंडाऱ्याची मुले नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे. या सगळ्या संस्थांचे ऋण मोठे आहे, ते कमी लेखण्याचा हेतू नाही. पण रुग्णालयाशी जोडलेल्या शिक्षणात एक न बोललेला व्यवहार दडलेला असतो, तो बोलून दाखवायला हवा. धर्मादाय किंवा सरकारी दवाखान्यात उपचार स्वस्त किंवा फुकट असतो, कारण तिथे शिकाऊ हातही काम करतात. ज्याला परवडते तो आपले जनावर अनुभवी खासगी डॉक्टरकडे नेतो. ज्याला परवडत नाही, त्याच्या जनावरावर विद्यार्थी शिकतो. म्हणजे व्यवसायाचे कौशल्य उभे करण्याचा खर्च सगळ्यांत गरीब मालक सोसतो, आणि सोसतो आहे हे त्याला कुणी सांगितलेलेही नसते. माणसांच्या वैद्यकात या प्रश्नावर निदान वाद झाले. आपल्याकडे त्याला प्रश्न म्हणूनच फारसे पाहिले गेले नाही.

त्यातच रुग्णालयाचे रूप बदलले. महानगरातल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात आज सगळ्यांत लांब रांग असते ती कुत्र्या-मांजरांची. पदवीधर नोकरीला जातो ते गाय-म्हैस-शेळीच्या गावी. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, आणि नीटमध्ये हाताचे काम इतकेच की उत्तरपत्रिकेवरचे गोल नीट काळे करायचे. (हा विनोद नाही, जनावराच्या अंगाला कधी हात न लावलेली हुशार मुले-मुली पहिल्या वर्षाला येतात, त्यात त्यांचा काडीचाही दोष नाही.) भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६च्या किमान मानकांनी पदवीचा काळ साडेपाच वर्षांचा केला, त्यात शेवटचे एक वर्ष आंतरवासितेचे. कागदावर वेळ पुरेसा आहे. अडचण वेगळीच आहे. गुदमार्गातून हात घालून गर्भतपासणी कशी करायची हे शिकवताना शिक्षकाला विद्यार्थ्याचा हात दिसतच नाही. खोड्यात गाय उभी, विद्यार्थ्याचा हात खांद्यापर्यंतच्या हातमोज्यात आत. शिक्षक बाजूला उभा राहून विचारतो, ‘पिशवी लागली का?’ विद्यार्थी म्हणतो, ‘लागली सर.’ लागली ती पिशवी, की मूत्राशय, की शेणाचा गोळा, हे देवालाच ठाऊक. मागे दहाजण रांगेत. चार हात आत-बाहेर झाल्यावर गायीचे आतडे सुजते, कधी रक्त दिसते, आणि पाचव्या विद्यार्थ्याने खरे तर हात घालू नये. तरी नोंदवहीत सगळ्यांची सही होते.

नेमक्या याच अडचणीतून ब्रिटनमध्ये एक उपाय निघाला. सारा बेली या पशुवैद्य महिलेने ग्लासगो विद्यापीठात संशोधन करताना संगणकाला जोडलेली एक बनावट गाय तयार केली. काचतंतूच्या सांगाड्यात हात घातला की आत एक यंत्र बोटाला विरोध करते आणि गर्भाशय, बीजांड यांचा स्पर्श हुबेहूब भासवते. खरी युक्ती मात्र पडद्यावर होती. विद्यार्थ्याचे बोट कुठे आहे ते शिक्षकाला पडद्यावर दिसते, त्यामुळे ‘डावीकडे, थोडे खाली, आता कड शोध’ असे त्याला सांगता येते. न दिसणारा हात प्रथमच दिसू लागला. पुढे या गायीवर सराव केलेले आणि केवळ पारंपरिक शिक्षण घेतलेले विद्यार्थी खऱ्या गायींवर तपासून पाहिले, तेव्हा सराव केलेल्यांना गर्भाशय कितीतरी अधिक वेळा सापडले. हा २००५ सालचा निष्कर्ष आहे. तो मोठ्या देशव्यापी पाहणीचा नव्हता, थोड्या विद्यार्थ्यांवरचा होता, हेही सांगितले पाहिजे. पण त्याने दाखवलेली दिशा शिकवणाऱ्या कुणालाही पटेल अशी आहे: हाताची विद्या निव्वळ हात घातल्याने येत नाही. हात घातल्यावर काय चुकले ते त्याच क्षणी कळले तरच ती येते.

यावर लगेच येणारा आक्षेप पैशाचा. विलायती यंत्रगाय आपल्या महाविद्यालयांनी आणायची कुठून? खरी गोष्ट अशी की बहुतेक सरावाला यंत्र लागतच नाही, लागते ते जरा डोके. गायीच्या मानेतली शीर शोधून सुई घालणे शिकायचे, तर लाल पाण्याने भरलेली सायकलची ट्यूब फोमच्या जाड तुकड्याखाली ठेवावी आणि वर रेक्झिनचे कातडे ताणावे. अंगठ्याने दाबून फुगवटा जाणवतो, सुई बरोबर गेली की लाल पाणी टपकते, चुकली की फोम भिजतो. दुग्धज्वरात गायीला कॅल्शियम शिरेतून द्यावे लागते. सुई शिरेबाहेर सरकली तर मान सुजते, आणि औषध भराभर सोडले तर गायीचे काळीजच थांबू शकते. म्हणून एका हाताने बाटली धरून, स्टेथोस्कोप छातीला लावून, ठोके ऐकत ऐकत ती सावकाश चालवणे हाही वेगळा सराव आहे, आणि त्याला रिकामी बाटली आणि घड्याळ एवढे साहित्य पुरते. पोट चिरून शिवण्याचा सराव करायला शेळीचे पोट उत्तम, तीही चार कप्प्यांचीच. आठवडी बाजारातल्या खाटकाकडून पोट आणावे, धुवावे, चिरावे, कडा आत वळवून टाके घालावेत आणि मग त्यात पाणी भरावे. टाका ढिला असेल तिथून पाणी पाझरते. इथे गुण द्यायला परीक्षकाची गरज नाही. कृत्रिम रेतनासाठी मात्र शेळीचे गर्भाशय चालत नाही, फार लहान. गायीचे अवयव मिळण्याचा मार्ग मध्य प्रदेशात २००४च्या आणि महाराष्ट्रात २०१५च्या गोवंशविषयक कायद्यांनंतर बंद आहे, त्यामुळे म्हशीचे अवयव जिथे कायदेशीर कत्तलखान्यातून मिळतात तिथून आणून मिठाच्या पाण्यात किंवा शीतपेटीत ठेवावे लागतील. एका लाकडी खोक्यात ते टांगायचे, मागे कापडी पडदा. विद्यार्थ्याचा डावा हात वरून गर्भाशयमुख पकडतो, उजव्या हातातली रेतन गन त्याच्या कड्यांमधून एकेक करत पुढे सरकते. पडदा उचलला की टोक कुठे आहे ते दिसते. नवशिके बहुधा दोनच ठिकाणी चुकतात: रेत अलीकडे, मुखातच सोडतात, किंवा गन फार पुढे रेटून एका शिंगात नेतात. उणे १९६ अंशांच्या द्रवनत्रात जपलेली रेतकांडी, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून विरघळवलेली, इतकी मेहनत त्या शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात वाया जाते. शेतकऱ्याला फक्त एवढेच दिसते की गाय उलटली, पुन्हा माजावर आली, आणि एकवीस दिवस गेले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो असा की प्रतिकृती लाथ मारत नाही, हंबरत नाही, तिला कळा येत नाहीत. हे खरेच आहे. खोक्यातल्या गर्भाशयमुखाला ऊब नसते आणि खऱ्या गायीचे आतडे हाताभोवती आवळते तेव्हा बोटांतले बळ जाते, हे खोके शिकवणार नाही. पण म्हणूनच तर खोके आधी हवे. नवशिक्याला एकाच वेळी घाबरलेली गाय, अधीर मालक आणि न ओळखू येणारा अवयव या तिन्ही गोष्टी सांभाळायला लावल्या तर तो तिसरीच सोडून देतो आणि अंदाजाने काहीतरी बोलतो. अवयवाची ओळख आधी शांतपणे हातात बसली असेल तर गोठ्यात त्याचे सगळे लक्ष जनावराकडे राहू शकते. प्रतिकृतीवर थांबणे ही मात्र शुद्ध फसवणूक होईल. जनावर आवरणे तर प्रतिकृतीवर शिकताच येत नाही. एका दोराने गळ्याभोवती, छातीभोवती आणि कमरेभोवती वेढे घेऊन मागे सरळ ओढले की मोठा बैलसुद्धा गुडघे टेकतो, ही कृती पुस्तकात चित्रासह आहे; पण दोर कधी ताणायचा आणि कधी सैल सोडायचा ते शिकायला गुराखी हाच गुरू. विदर्भ-बालाघाटच्या सीमेवरचे गोवारी पिढ्यान्‌पिढ्या हे करत आले. त्यांच्यातल्या जाणत्यांना मानधन देऊन महाविद्यालयात शिकवायला बोलवावे, हे मी गंभीरपणे सुचवतो. पदवी नसलेल्याने पदवीधर घडवायचे या कल्पनेने ज्यांना अस्वस्थ वाटेल त्यांनी एकदा शिंगाळा बैल एकट्याने पाडून पाहावा.

तिसरे म्हणणे जुन्या जाणत्या डॉक्टरांचे: आम्ही गावातच शिकलो, आमचे काय बिघडले? या म्हणण्यामागचा अभिमान रास्त आहे, पण तो पुरावा नाही. जे शिकले ते आज बोलायला आहेत. ज्यांच्या हातून शिकता शिकता गायी गेल्या त्यांतले काही खुर्चीवरच्या नोकरीत गेले, काही औषधकंपन्यांत, आणि मेलेली गाय साक्ष द्यायला येत नाही. शिवाय त्या पिढीतल्या अनेकांना दवाखान्यातल्या मुरलेल्या मदतनिसांची साथ होती. आजच्या गाडीत बसणारा सहायकही पुष्कळदा डॉक्टरइतकाच नवखा असतो.

चौथी अडचण आक्षेप म्हणून कुणी मांडत नाही, पण सगळ्यांत चिवट तीच: जे परीक्षेत मोजले जात नाही ते शिकवलेही जात नाही आणि शिकलेही जात नाही. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी वैद्यकीय परीक्षेची एक पद्धत मांडली. विद्यार्थी ठरावीक मिनिटांनी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, प्रत्येक टेबलावर एकच लहान कृती, आणि परीक्षकाच्या हातात त्या कृतीच्या पायऱ्यांची यादी. हात धुतले का, जनावराच्या मालकाशी बोलला का, सुई टोचण्याआधी हवा काढली का. हीच पद्धत पुढे अनेक देशांच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी घेतली. आपल्याकडे माणसांच्या वैद्यकीय शिक्षणात २०१९च्या अभ्यासक्रमापासून कौशल्य प्रयोगशाळा सक्तीची झाली. जागतिक पशुआरोग्य संघटनेनेही पदवीच्या पहिल्या दिवशी पशुवैद्याला काय आले पाहिजे याची यादी २०१२ मध्ये दिली. तेव्हा प्रश्न कल्पनेच्या अभावाचा नाही. प्रश्न इतकाच की आपली प्रात्यक्षिक परीक्षा अजून बव्हंशी तोंडी परीक्षा आहे. जनावराचे पोट फुगले तर वायू सोडायला ट्रोकार कुठे टोचाल? डाव्या भकाळीत. छान, पुढचा. विद्यार्थ्याच्या हातात ट्रोकार दिला गेला का, आणि त्याने तो घट्ट भरलेल्या पोत्यातून नेमका आरपार नेला का, हे तपासले जात नाही.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत जवळचे उदाहरण गोव्याचे. वर्ल्डवाइड व्हेटर्नरी सर्व्हिस या संस्थेची उटी आणि गोवा येथील केंद्रे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीवर पशुवैद्यांना आणि विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शस्त्रक्रिया शिकवतात, आणि गोव्यात ते काम रेबीजविरोधी मोहिमेशी जोडलेले आहे. तिथे कळते की सगळी शस्त्रक्रिया एका गाठीवर उभी आहे. बीजांडाची रक्तवाहिनी बांधताना दोऱ्याचा दुसरा वेढा उलट दिशेने न घेता त्याच दिशेने घेतला, तर गाठ दिसते पक्की आणि सरकते पोट शिवून झाल्यावर. ही गाठ खाटेच्या पायाला सुतळी बांधून शेकडो वेळा घोटता येते. कुत्रीच्या पोटात ती पहिल्यांदा मारायचे काहीच कारण नाही. कायदाही हेच सुचवतो. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या सतराव्या कलमात पुस्तके, प्रतिकृती आणि चित्रफिती यांनी तितकेच काम भागत असेल तर महाविद्यालयांत प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत असे म्हटले आहे. या कलमाकडे आजवर शिक्षणाला घातलेला लगाम म्हणून पाहिले गेले. माझ्या मते तो चांगल्या शिकवणीचा क्रमच आहे, फक्त कायद्याच्या भाषेत.

राहिला आंतरवासितेचा प्रश्न. ते एक वर्ष बरेच जण पुढच्या प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासात घालवतात, आणि नोकऱ्यांची अवस्था पाहता त्यांना फार बोल लावता येत नाही. त्या वर्षातले निदान दोन महिने बैहर, परसवाडा, बिरसा, आमगाव, सालेकसा अशा ठिकाणच्या दवाखान्यांत, तेही पावसाळ्यात, काढायला लावावेत. घटसर्प आणि फऱ्या त्याच दिवसांत येतात. राज्याची सीमा आड येऊ नये, दोन्ही विद्यापीठांना तसा करार करता येईल. पण तिथे पाठवण्याआधी प्रत्येकाच्या वहीत प्रतिकृतीवर केलेल्या कृतींची नोंद हवी आणि प्रत्येक नोंदीखाली प्रत्यक्ष पाहणाऱ्या शिक्षकाची सही. मालकाला विचारले पाहिजे हा दुसरा नियम. हा शिकाऊ डॉक्टर आहे, मी शेजारी उभा आहे, त्याने हात घातला तर चालेल का, असे वरिष्ठाने गोठ्याच्या दारात साध्या भाषेत, लागेल तिथे गोंडीतही, विचारावे. मालकाने नको म्हटले तर नको, आणि त्यामुळे उपचारात कसूर होणार नाही हेही त्याच श्वासात सांगावे. आणि मालकाने जर उलट विचारले, की पोराने हे आधी कधी केले आहे का, तर त्या पोराला वही उघडून दाखवता आली पाहिजे.